पुडीत जीव असतो

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असेल, कुणी गोठ्यात धार काढत ऐकत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं असू द्या.

मी रहिमतपूरहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. हप्ते, हिशेबाच्या वह्या, बँकेच्या फेऱ्या हे माझं रोजचं काम. आज मात्र मला एका चुकीबद्दल बोलायचं आहे. चूक माझीच आहे, त्यामुळं दुसऱ्या कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं खरिपात सोयाबीन आणि घेवडा असतो. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पेरायच्या आधी बियाण्याला रायझोबियम चोळलं तर पिकाला नत्र मिळतं आणि युरियाचा खर्च वाचतो, असं आम्ही एका शिबिरात ऐकलं. बैठकीत ठरलं, की सगळ्यांसाठी एकदमच पाकिटं आणायची. पैसे गटाच्या बचतीतून द्यायचे. आणायची जबाबदारी माझ्यावर आली.

पेरणीच्या वेळी धांदल नको म्हणून मी एप्रिलमध्येच पाकिटं आणली आणि गटाच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर रचून ठेवली. एप्रिल गेला, मे गेला. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली माणसाला बसवत नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. जूनमध्ये पाऊस झाला, मी पाकिटं वाटली. काही जणींनी बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच घमेल्यात कालवलं आणि बियाण्याला चोळलं. एका खेपेत दोन कामं उरकली, म्हणून आम्ही खूश.

पीक फुलावर आल्यावर कृषी सहायक बघायला आले. त्यांनी खुरप्यानं मातीसकट एक झाड उचललं, मुळं पाण्यात हलक्या हातानं धुतली. गाठी होत्या, पण मोजक्याच. एक गाठ नखानं फोडून दाखवली, तर आतून हिरवट-पांढरी. मग बांधापलीकडचं झाड उपटलं. तिथं कुणी काहीच चोळलेलं नव्हतं. तिथंही तेवढ्याच गाठी, तशाच. त्यांनी विचारलं, “ताई, पाकिटं कुठं ठेवली होती?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अहो, त्या पुडीत जीव असतात. निम्मे उन्हानं मेले असतील, उरलेले औषधानं.”

आमच्या गटात एक आत्या आहेत, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे मेलेल्या कोंबड्या खुराड्यात कोंडून आपण अंड्याची वाट बघितली म्हण की.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री मला झोप लागली नाही. बायकांनी महिन्याला थोडे थोडे करून साठवलेले पैसे होते ते. पुढच्या बैठकीत मी म्हणाले, हे पैसे मी भरते. आत्या म्हणाल्या, “पैशाचं राहू दे. पर पोरी, पुडीवर काय लिवलंय ते तरी वाचलं हुतंस का?”

मी वाचलं नव्हतं. बी. ए. झालेली बाई मी. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचते. पण पुडीवर लिहिलेलं ‘थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा’ एवढं मी वाचलं नव्हतं, कारण माझ्या मनात ती खताची पुडी होती. खताला कुठं ऊन लागतं? त्या दिवसापासून मी या जिवांबद्दल वाचायला लागले. त्यातलं आपल्या घराला आणि शेताला लागणारं आज सांगते.

या जिवांना आपण जिवाणू म्हणतो, इंग्रजीतलं नाव बॅक्टेरिया. एक जिवाणू म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशीत जसं एक केंद्रक असतं, घरात जशी देवघराची वेगळी खोली असावी तसं, ते यांच्या पेशीत नसतं. एकाच खोलीत सगळा संसार. आणि खोली केवढी? एका मिलिमीटरच्या लांबीत पाचशे ते हजार जिवाणू ओळीनं बसतील एवढी. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते पहिल्यांदा बघितले हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं, १६७६ च्या सुमाराला. स्वतः घासून केलेल्या छोट्या भिंगातून त्यानं ते बघितले. पुढं त्यानं आपल्या दातांवरचा मळही भिंगाखाली धरला, तर त्यातही ते वळवळत होते.

आपण त्यांना बघितलं नसलं तरी आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांना पाळलेलं आहे. दही लावतो ते काय असतं? विरजण म्हणजे जिवंत जिवाणूंची मूठ. दूध कडकडीत असताना विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण ते भाजून मरतात. थंडीत दूध गार असलं तर ते आळसावतात, म्हणून आपण भांडं चुलीजवळ सरकवतो, नाहीतर गोधडीत गुंडाळतो. कोमट दूध मिळालं, की ते त्यातली साखर खातात आणि आंबट आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दूध घट्ट होतं आणि दूध नासवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंना तिथं सहज शिरता येत नाही.

चमचाभर विरजणानं पातेलंभर दही कसं होतं, याचा हिशेबही बघा. जिवाणू वाढतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतात. सगळं मनासारखं असलं तर काही जातींचे जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे तासाभरात आठ. सात तासांत २० लाखांच्या वर. असं चक्रवाढ व्याज कुठल्याच बँकेत मिळत नाही. अन्न संपतं, जागा संपते, आंबटपणा वाढतो, म्हणून ते कुठंतरी थांबतात. उन्हाळ्यात सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत का विटते, तेही याच हिशेबानं.

आता त्यांच्या जाती किती, तर मोजता येणार नाहीत एवढ्या. आपल्याला जगायला हवा लागते. काही जिवाणूंनाही लागते, आणि काही हवा लागली तर मरतात. कुणी साखरेवर जगतो, कुणी पालापाचोळ्यावर, कुणी चक्क लोखंडावर नाहीतर गंधकावर. काही जण झाडासारखे उन्हावर जगतात. भाताच्या खाचरात पाण्यावर निळसर हिरवा थर येतो, त्याला आपण शेवाळ म्हणतो. त्यातले पुष्कळसे खरं तर जिवाणू असतात. त्यांच्याच पूर्वजांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत तो साठायला लागला. त्याआधी हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. आज आपण जो श्वास घेतोय, त्याची सुरुवात त्यांनी करून दिलेली आहे.

आता परत शेतात येऊ. हवेत ७८ टक्के नत्रच आहे. पीक त्या हवेत उभं असतं आणि तरी नत्राविना पिवळं पडतं. का? गटाच्या खात्यात पैसे असतात, पण सहीशिवाय कुणाला काढता येतात का? तसंच आहे. हवेतलं नत्र झाडाला सरळ घेता येत नाही, ती सही काही जिवाणूंकडं असते. रायझोबियम हा त्यातला एक. तो कडधान्याच्या मुळात शिरतो, झाड त्याला गाठीची खोली करून देतं, आपल्या पानात केलेली साखर खायला देतं, आणि तो हवेतलं नत्र झाडाला चालेल अशा रूपात आणून देतो. गाठ फोडल्यावर आतून गुलाबी-लालसर निघाली तर समजायचं, काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद आहे.

पण त्यांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात. सोयाबीनच्या मुळाशी जमणारी जात हरभऱ्याशी जमत नाही. म्हणून पुडीवर पिकाचं नाव असतं, ते बघूनच पुडी घ्यायची. आणि वरून भरपूर युरिया टाकला तर झाड गाठी कमी करतं. आयतं मिळाल्यावर ते दुसऱ्याला साखर कशाला खाऊ घालेल?

गोठ्याकडं चला. तुमच्यापैकी कितीतरी जणींकडं गोबरगॅस आहे. टाकीच्या आत काम करणाऱ्यांच्या टोळ्या असतात. पहिली टोळी शेणातला काडीकचरा फोडते, दुसरी त्यापासून आम्ल करते, आणि शेवटची टोळी त्यापासून जळणारा मिथेन वायू करते. ही शेवटची टोळी जिवाणूंसारखी दिसते, पण ती जिवाणू नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या कार्ल वूझ या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं दाखवून दिलं, की हे वेगळंच कुळ आहे. त्या कुळाला आर्किया म्हणतात. गाईम्हशींच्या पोटातही हे असतात आणि शेणातून टाकीत येतात. त्यांना हवा चालत नाही, थंडीत ते मंदावतात आणि त्यांची वाढ हळू असते. म्हणून एकदा ते मेले, की गॅस परत सुरू व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. तेव्हा गोठा फिनेलनं धुतला तर ते पाणी टाकीत सोडू नका. जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर तेवढे दिवस त्याचं शेण टाकीत घालू नका. टाकी बिघडली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा आतली टोळी मेलेली असते.

याच आर्किया कुळातल्या भाऊबंदांची एक बातमी तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर २०२० च्या जूनमध्ये अचानक गुलाबी झालं. कुणी काही म्हणालं, कुणी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा त्यात मिठात वाढणारे गुलाबी रंगाचे आर्किया निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांना सुगी आली. पाऊस पडला, तसा रंगही गेला. ज्या पाण्यात मासा जगणार नाही, तिथं यांचा संसार फुलतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कौतुक चाललंय, पण रोगराई कोण करतं? बरोबर आहे. पटकी म्हणजे कॉलरा, टायफॉइड, क्षयरोग, धनुर्वात हे सगळे जिवाणूंचेच रोग. एवढ्या अफाट जातींत रोग करणाऱ्या जाती थोड्या आहेत, पण थोड्या असल्या म्हणून त्या हलक्या नाहीत. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर पडते का, ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालंय की हिरवं, हे विचारणं बायकांचं काम नाही असं कुणी म्हणालं तरी विचारायचं. आजारी लेकराला मांडीवर घेऊन आपल्यालाच बसावं लागतं.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची एक लेक अशा जिवाणूनं नेली. सावित्रीबाई फुले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. त्या रोग्यांना उचलून दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगचा जिवाणू सापडून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. १८९४ साली हाँगकाँगमध्ये तो सापडला. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यावर औषधही नव्हतं.

औषध पुढं मिळालं, ते मातीत. पहिला पाऊस पडला, की मातीचा वास येतो ना? तो मोठ्या प्रमाणात मातीतल्या एका जिवाणू कुळाचा असतो, स्ट्रेप्टोमायसिस त्याचं नाव. १९४३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत याच कुळातल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालं. ते क्षयावर चाललं आणि प्लेगवरही चाललं. सावित्रीबाई गेल्या त्यानंतर ४६ वर्षांनी. ज्या मातीतून त्या चालत होत्या, त्या मातीतही या कुळातले जीव असणारच. पण त्यांच्याकडून काय मागायचं, हे माणसाला अजून कळलेलं नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

ही अँटिबायोटिक औषधं आपण आता मेडिकलमधून गोळ्या-बिस्किटांसारखी मागून आणतो. त्याबद्दल दोन गोष्टी सांगते. पहिली, साधी सर्दी विषाणूनं होते, जिवाणूनं नाही. विषाणू वेगळा, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट आपल्या आतड्यात जे कामाचे जिवाणू असतात, ते मरतात, म्हणून काही जणांना या गोळ्यांनी जुलाब लागतात. दुसरी, डॉक्टरांनी दिलेली गोळी अर्ध्यात सोडायची नाही. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, साधारण सहा महिने. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते, माणूस म्हणतो आता कशाला. तोवर कमजोर जिवाणू मेलेले असतात, चिवट तेवढे उरलेले असतात. आणि मघाशी सांगितलेला दुपटीचा हिशेब त्यांनाही लागू आहे. मग पुढं तेच औषध त्यांच्यावर चालत नाही. घरात असं कुणी असेल, तर आशाताईंना सांगा आणि कोर्स पुरा करून घ्या.

शेतातही तेच. आमच्याकडं आलं पुष्कळ आहे. आल्याला मर लागली, की लोक दुकानात जाऊन मिळेल ते औषध आणतात. पण मर बुरशीनंही लागते आणि जिवाणूनंही लागते. बुरशीचं औषध जिवाणूवर चालत नाही. घरच्या घरी एक तपासणी करता येते. मलूल झालेल्या झाडाचं खोड बुडख्याशी कापायचं आणि कापलेलं टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरायचं. थोड्या वेळात त्यातून दुधासारखी धार पाण्यात उतरली, तर ती जिवाणूची मर. मग कृषी सहायकांना दाखवूनच पुढचं करायचं, आणि त्या वाफ्याचं बेणं पुढच्या वर्षी अजिबात धरायचं नाही.

आता आमच्या पाकिटांचं पुढं काय झालं ते सांगते. गेल्या वर्षी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा बैठकीत निम्म्या जणी गप्प बसल्या. त्यांचं चुकलं नाही. शेवटी आत्याच म्हणाल्या, “एकदा आणखी बघू, पर पुड्या माझ्या घरात ऱ्हातील.” त्यांचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. पेरणीच्या आधी आठ-दहा दिवस पाकिटं आणली, वरची तारीख सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवली. दहा किलो बियाण्याला एक पाव किलोचं पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार होऊ दिलं, मगच त्यात पुडी कालवली. ज्यांना बुरशीनाशक लावायचं होतं त्यांनी ते आधी लावून बियाणं वाळवलं, रायझोबियम सगळ्यांत शेवटी. सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं. दोन ओळी मुद्दाम न चोळता ठेवल्या, म्हणजे आपलं आपल्याला कळावं.

चाळीस दिवसांनी आम्ही सगळ्या बांधावर जमलो. दोन्हीकडची झाडं खुरप्यानं उचलली. चोळलेल्या झाडाला गाठी जास्त होत्या. आत्यांनी एक गाठ नखानं फोडली आणि तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. आतून गुलाबी. त्या वर्षी पाऊसही बरा झाला, म्हणून उतारा कशामुळं किती वाढला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गाठी आम्ही डोळ्यांनी बघितल्या, आणि गटाचे पैसे उन्हात मेले नाहीत, एवढं नक्की.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढंच करा. पुडी घेताना तारीख आणि पिकाचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. ती सावलीत, गारव्याला ठेवा. आणि पीक फुलावर आलं, की एक झाड उचलून गाठ फोडून बघा. रंग काय निघाला ते गटाच्या वहीत लिहा. आमच्या वहीत हप्त्यांच्या रकान्याशेजारी आता तोही रकाना आहे.

भाकरी करपली नसेल अशी आशा करते.